‘कपडे कोणते होते?’ हा प्रश्न कुठे विचारायचा आणि कुठे थांबवायचा

छेडछाडीची किंवा अत्याचाराची गोष्ट घरात कळली की पाच मिनिटांत कुणीतरी विचारतंच, “तेव्हा घातलं काय होतंस?” विचारणारी आई असेल, काका असेल, नाहीतर रूममेट. त्यांच्या मनात बहुतेक वेळा भीती असते. दोष कपड्यांत सापडला की ‘आपल्या मुली तसे कपडे घालत नाहीत, त्या सुखरूप आहेत’ असं स्वतःला समजावता येतं. नुकसान मात्र लगेच होतं. जिच्यावर हे ओढवलं ती गप्प होते, न्हाणीघरात जाते, डोक्यावरून पाणी घेते आणि अंगावरचे कपडे बादलीत भिजत घालते. तपासाला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी वस्तू तिथेच वाया जाते.

या कामात कपड्यांबद्दल विचारायची रास्त कारणं दोनच. एक, ते कपडे पुरावा म्हणून ताब्यात घ्यायचे असतात. दुसरं, सीसीटीव्हीत तिला शोधायचं असतं. यापलीकडे तो प्रश्न कुणी विचारला, घरी, ठाण्यात, दवाखान्यात किंवा कोर्टात, तर तिथेच थांबवता येतो. कसा, ते पुढे आहे. हे मुख्यतः तिच्या सोबत असणाऱ्यांसाठी लिहिलं आहे, कारण पहिल्या काही तासांत धावपळ त्यांनाच करायची असते.

पहिला तास

तिला तीन वाक्यं सांगा: “बरं झालं सांगितलंस. चूक तुझी नाही. पुढे काय करायचं ते तू ठरव, मी बरोबर आहे.” मग थोडा वेळ गप्प बसा. “तिथे गेलीसच कशाला”, “ओरडली का नाहीस”, “आधी का नाही बोललीस” हे प्रश्न गिळून टाका. तिला तपशील पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. दर वेळी थोडा वेगळा शब्द येतो आणि तोच फरक नंतर उलटतपासणीत उकरून काढला जातो. ती आपणहून बोलली तर तिचेच शब्द, वेळ आणि तारीख टाकून कागदावर उतरवून ठेवा.

धोका अजून टळला नसेल तर ११२. महिला हेल्पलाइन १८१, मुंबईत पोलिसांची महिलांसाठीची १०३, रेल्वेत १३९, मूल असेल तर १०९८.

बलात्काराची किंवा गंभीर शारीरिक अत्याचाराची घटना असेल तर आंघोळ, दात घासणं, नखं कापणं, केस विंचरणं आणि कपडे बदलणं शक्यतो तपासणीपर्यंत थांबवा. लघवीला जावंच लागलं तर जाऊ द्या, फक्त पुसलेला कागद किंवा कापड टाकू नका. आणि तिने आंघोळ केलीच असेल तर “अगं काय केलंस हे” असा चेहरासुद्धा करू नका. पुरावा त्यानंतरही मिळतो.

कपडे कसे ठेवायचे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

प्लास्टिकची पिशवी वापरायची नाही. घाईत आपण जे हाताला लागेल ते घेतो आणि ती नेमकी किराण्याची कॅरीबॅग असते. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते, जिवाणू वाढतात आणि डागातला डीएनए कुजतो. हवा जाणारा कोरा कागद लागतो. घरात सहज मिळणारी वस्तू म्हणजे शाळेच्या पुस्तकांना घालायचा खाकी कागद. नसेल तर दुकानातली नवी कागदी पिशवी. वर्तमानपत्र अगदीच नाइलाज असेल तर, कारण त्याची शाई कपड्याला लागते.

प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात. कुर्ता, सलवार, ओढणी, आतले कपडे, मोजे, सगळं सुटं. एकत्र गुंडाळले तर एकावरचा डाग दुसऱ्यावर उमटतो आणि तो मुळात कुठे होता हे सांगता येत नाही. डागावरून घडी घालू नका; घालावीच लागली तर मध्ये कोरा कागद ठेवा. कपडा झटकू नका. केस, धागा, मातीचा कण, गवताचं कुसळ, हे सगळं तपासाच्या कामाचं असतं आणि एका झटक्यात ते फरशीवर पडतं. म्हणूनच कपडे काढताना जमिनीवर मोठा कोरा कागद पसरून तिने त्यावर उभं राहायचं आणि नंतर तो कागदही घडी घालून कपड्यांबरोबर द्यायचा. दवाखान्यात तपासणी होणार असेल तर हे काम तिथेच होऊ द्या. अंगावरचे कपडे अंगावर घालूनच जाणं सगळ्यात चांगलं.

कपडा ओला असेल तर सावलीत, कागदावर पसरून वाळवा. ऊन, इस्त्री, हेअर ड्रायर काही नको. वाळवायला वेळ नसेल तर तसाच कागदात घेऊन जा आणि ‘ओला आहे’ असं तोंडी सांगा, पुडक्यावरही लिहा.

हात लावायच्या आधी हातमोजे घाला. ते नसतील तर हात धुऊन कोरडे करा. पाकीट जिभेने ओलं करून चिकटवू नका, तुमची लाळ लागते. स्टेपलरच्या पिनाही नकोत. चिकटपट्टी लावा आणि पेनाने लिहा: कपडा कोणता, कधी काढला, कुणी गुंडाळला. गुंडाळण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवून.

नंतर बदललेले कपडे, अंथरलेली चादर, उशीचा अभ्रा, सॅनिटरी पॅड, अंग पुसलेला टॉवेल हेही पुरावाच आहे. पॅड कुणी देत नाही, लाजेने फेकून देतात, ते ठेवा. कपडे आधीच धुतले गेले असतील तरी द्या. धुतलेल्या कापडाच्या विणीतूनही कधीकधी डीएनए निघतो, विशेषतः नुसत्या पाण्यात खळबळून काढलेल्या कापडातून.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. तिचे कपडे दवाखाना किंवा पोलीस ठेवून घेतात, मग तिने घरी यायचं कशात? निघताना पिशवीत एक पूर्ण जोड घ्या, आतल्या कपड्यांसकट. चप्पलही घ्या, कारण तीही जप्त होऊ शकते.

दवाखान्यात

आधी पोलीस ठाणं की आधी दवाखाना? दुखापत असेल तर आधी दवाखाना. एफआयआर नाही म्हणून तपासणी नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयाला बलात्कार, अॅसिडहल्ला किंवा पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) प्रकरणात प्रथमोपचार किंवा उपचार मोफत द्यावे लागतात आणि पोलिसांना कळवावं लागतं. नकार दिला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. रिसेप्शनवर आवाज चढवण्यापेक्षा हे कलम शांतपणे सांगितलेलं जास्त चालतं.

शरीरावरचे नमुने ७२ तासांपर्यंत मिळायची शक्यता चांगली असते. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या सूचनांप्रमाणे ९६ तासांपर्यंत घ्यावेत. त्यानंतर गेलात तरी उपचार आणि जखमांची नोंद होतेच. गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. एचआयव्ही टाळणारं औषधही ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं आणि ते २८ दिवस घ्यावं लागतं. डॉक्टर स्वतःहून बोलले नाहीत तर तुम्ही विचारा. गर्दीच्या केसपेपरमध्ये हे राहून जातं.

तपासणीला तिची संमती लागते आणि ती भागाभागाने देता येते. म्हणजे जखमा तपासू द्यायच्या पण अंतर्गत तपासणी नको, असं ती म्हणू शकते. महिला डॉक्टर नसतील तर पुरुष डॉक्टर तपासतील, पण महिला कर्मचारी हजर असली पाहिजे. ‘टू-फिंगर टेस्ट’ (योनीत दोन बोटं घालून केली जाणारी तपासणी) कुणी करू पाहिली तर सरळ नाही म्हणा. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात ही तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असं स्पष्ट केलं आहे. ‘संभोगाची सवय आहे’ छापाचं वाक्य अहवालात दिसलं तरी आक्षेप घ्या. अहवाल डॉक्टरांनी सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो.

पोलीस ठाण्यात

घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, जवळच्या ठाण्यात फिर्याद द्या. “हद्द आमची नाही” हे उत्तर आता चालत नाही. शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवून ती पुढे पाठवणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे त्यांचं काम आहे. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. लैंगिक गुन्ह्यांत फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका.

‘एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) घेतो’ म्हणून बोळवण होते, त्यावर लक्ष ठेवा. विनयभंग (न्याय संहिता कलम ७४, एक ते पाच वर्षं), लैंगिक छळ (७५), विवस्त्र करणं किंवा तसा प्रयत्न (७६, तीन ते सात वर्षं), चोरून पाहणं किंवा चित्रण (७७), पाठलाग (७८), अश्लील शब्द वा हावभाव (७९) हे सगळे दखलपात्र गुन्हे आहेत. एनसीचा इथे प्रश्नच येत नाही. ओढणी खेचली, पाठीमागून ब्लाउजचा हुक तोडला, हे ‘किरकोळ’ नाही. ते ७४ किंवा ७६ मध्ये बसतं. नोंद घ्यायला नकार दिला तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे किंवा शहरात पोलीस उपायुक्तांकडे पाठवा, पोचपावती ठेवा, आणि तिथेही काही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. बलात्कार, विनयभंग, विवस्त्र करणं अशा गंभीर लैंगिक गुन्ह्यांची खबर नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने सक्तमजुरी आहे.

आता कपड्यांचा प्रश्न. अधिकाऱ्याने विचारला तर आधी कारण विचारा: “जप्तीसाठी विचारताय की सीसीटीव्हीसाठी?” बहुतेक वेळा एवढ्यानेच सूर बदलतो. मग उत्तर वस्तूचं वर्णन म्हणून द्या. रंग, कापड, कंपनीची पट्टी, माप, बटणं किती आणि त्यातली तुटलेली किती, शिवण कुठे आणि किती उसवली, डाग कुठे. नमुना असा:

“फिकट निळ्या रंगाचा सुती कुर्ता, बाह्या कोपरापर्यंत, समोर पाच बटणं, वरून दुसरं तुटलेलं, डाव्या खांद्याची शिवण अंदाजे ६ सेंमी उसवलेली, खालच्या काठाला मातीचा डाग.”

‘तंग’, ‘तोकडा’, ‘आधुनिक पद्धतीचा’, ‘अंगप्रदर्शन करणारा’ असले शब्द फिर्यादीत किंवा पंचनाम्यात आले तर खोडायला सांगा. ती विशेषणं मोजता येत नाहीत, म्हणून ती वर्णनही नाहीत. कुणाचं तरी मत आहे. आणि एकदा कागदावर गेलेलं मत खटला संपेपर्यंत वकिलांच्या तोंडी राहतं. ‘गळा मोठा’ असा शब्द कुणी वापरला तर ‘किती सेंटिमीटर’ असं विचारायला हरकत नाही.

यावर सोपा तोडगा म्हणजे घरूनच लेखी तक्रार लिहून न्यायची. वेळ, ठिकाण, काय घडलं ते क्रमाने, आरोपीचं वर्णन, साक्षीदार, कपड्यांची यादी. उशीर झाला असेल तर कारण एका ओळीत: भीती, धमकी, घरच्यांचा दबाव, जे असेल ते. स्पष्टीकरण नसलेला उशीर बचाव पक्षाला आयता मिळतो; ज्या उशिराचं कारण लिहिलेलं असतं तो न्यायालयं समजून घेतात. एफआयआरवर सही करण्याआधी ती वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला लावा. राहिलेला तपशील नंतर पुरवणी जबाबात देता येतो. त्या जबाबावर मात्र साक्षीदाराची सही घ्यायची नसते. कुणी मागितली तर देऊ नका.

कपडे ताब्यात देताना जप्ती पंचनामा होतो. पुडकी तुमच्यासमोर सील होतायत का, प्रत्येकावर चिठ्ठी आहे का, कपड्यांची संख्या बरोबर लिहिली आहे का हे बघा. नव्या कायद्यात जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करायचं आहे, त्याची आठवण करून द्या. पंचनाम्यात ‘एक ड्रेस’ एवढंच लिहिलेलं असतं आणि लॅबकडून तीन कपड्यांचा अहवाल येतो, अशा गोंधळात पुराव्याची साखळी तुटते.

“कपडे फाटलेले नाहीत” यावरून कुणी शंका काढली तर न्याय संहितेच्या कलम ६३ मधला खुलासा दाखवा: केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून स्त्रीने संमती दिली असं धरता येत नाही. हा खुलासा फुकट मिळालेला नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, अशा कारणांवरून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना सोडलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात स्वारगेटच्या बसमधली घटना उघडकीला आली तेव्हा पहिली चर्चा ‘ती ओरडली का नाही’ हीच होती. भीतीने माणूस थिजतं, घशातून आवाज फुटत नाही. शरीराची ती नेहमीची प्रतिक्रिया आहे.

लहान मुलींच्या बाबतीत कपड्यांचा मुद्दा आणखी एका बाजूने आला होता. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला की कपड्यांवरून केलेला स्पर्श हा पॉक्सोखालचा लैंगिक हल्ला नाही, त्वचेला त्वचा लागली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ ला तो रद्द केला: हेतू लैंगिक असला की मध्ये कापड होतं का नव्हतं याने फरक पडत नाही. ठाण्यात कुणी “कपड्यावरूनच हात लावला ना” म्हणालं तर हा निकाल सांगा. मूल असेल तर जबाब महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा असतो. आणि माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हा पॉक्सोखाली गुन्हा आहे, घरच्यांसाठीही.

रस्ता, बस, लोकल

कपडे लक्षात ठेवायचेच असतील तर त्याचे ठेवा. गर्दीत हात लागला की मोठ्याने, वर्णनासकट बोला: “निळा चौकड्यांचा शर्ट, हात मागे घे!” नुसतं “काय चाललंय” म्हटलं तर लोक इकडेतिकडे बघतात, शर्टाचं नाव घेतलं की पन्नास डोळे एका माणसावर जातात. नंतर लिहून ठेवायच्या गोष्टी: उंची कुणाइतकी, चष्मा, दाढी, घड्याळ कुठल्या हातात, बॅग, आणि चपला किंवा बूट. माणसं शर्ट बदलतात, टोपी घालतात. पायातलं सहसा तेच राहतं.

मदत मागताना एका माणसाकडे बोट दाखवून मागा: “पिवळ्या साडीतल्या ताई, इकडे या.” सगळ्यांना मागितलेली मदत कुणाचीच होत नाही. बसमध्ये असाल तर वाहकाला सांगा, दार उघडू नका म्हणा, आणि चालकाला गाडी जवळच्या चौकीकडे घ्यायला सांगा. तुम्ही बघणारे असाल तर आधी तिच्याशी बोला, त्याच्याशी नंतर: “अगं, किती दिवसांनी! ये, इथे बस.” ओळख नसली तरी चालतं, त्याचा डाव तिथेच मोडतो.

सीसीटीव्ही चित्रण बहुतेक ठिकाणी डिस्क भरली की आपोआप पुसलं जातं. दुकानं आणि सोसायट्यांत साधारण ७ ते ३० दिवसांत. त्यामुळे पहिल्याच दिवशी दुकानदाराला, स्टेशन मास्तरला, सोसायटीच्या सचिवाला लेखी अर्ज द्या: अमुक तारीख, अमुक ते अमुक वेळ, चित्रण जपून ठेवावं. प्रत तपास अधिकाऱ्याला. तिने काय घातलं होतं हे सांगायची दुसरी रास्त जागा हीच. पाठलाग किंवा मेसेजचं प्रकरण असेल तर स्क्रीनशॉटबरोबर मूळ फोनही जपा. चॅट डिलीट करू नका, फोन विकू नका.

कपडे आणि सुरक्षितता यांचा खरोखर संबंध जोडायचा तर ओढणी आणि दुचाकीचं चाक यांचा जोडा. पदर किंवा ओढणी मागच्या चाकात गेल्याने जीव जातात. यावर केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १२३ मध्ये, मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं आवरण सांगितलं आहे, आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते. बायकांनी साडी नेसून गाडीवर बसू नये असं त्या नियमात कुठे नाही. जबाबदारी गाडी बनवणाऱ्यावर टाकली आहे. नवी गाडी घेताना ‘लूक’साठी ते काढून देणाऱ्या शोरूमवाल्याला काढू देऊ नका. बाकी सोयीचं म्हणाल तर पळता येतील अशा चपला आणि फोन मावेल एवढा खिसा. बायकांच्या कपड्यांना धड खिसे का शिवत नाहीत, हा खरं तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शिंपीकाकांना सांगून कुर्त्याच्या उजव्या शिवणीत हात मावेल एवढा खिसा लावून घ्या. फोनवरचा आपत्कालीन कॉल कुठलं बटण किती वेळा दाबल्यावर जातो ते आपल्या मॉडेलवर एकदा बघून ठेवा.

हे सगळं करूनही घटना घडू शकते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा निघतो: नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. तो कपडे बघून येत नाही. घर रिकामं कधी असतं आणि ती कुणाला सांगू शकणार नाही, हे त्याला आधीच ठाऊक असतं. कपड्यांवरचं बंधन म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

ऑफिस, कॉलेज, सोसायटी

“असे कपडे घालून येत जाऊ नकोस, आमचं कामात लक्ष लागत नाही” हे वरिष्ठाचं वाक्य लैंगिक छळात मोडू शकतं. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. नसेल तर, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकामाच्या मावशींनाही हीच समिती लागू. तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत, सहा प्रतींत, साक्षीदारांची नावं आणि कागदपत्रं जोडून. समितीला कारण पटलं तर मुदत आणखी तीन महिने वाढते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. समितीतल्या कुणी “तुम्ही त्या दिवशी काय घातलं होतं” विचारलं तर प्रश्न आणि विचारणाऱ्याचं नाव कामकाजाच्या नोंदीत घ्यायला सांगा. प्रश्न बहुधा मागे घेतला जातो.

ड्रेसकोडची नोटीस आली तर दोन गोष्टी लेखी विचारा: हा नियम पुरुषांना आहे का, आणि कारण काय दिलं आहे. ‘अनुचित प्रकार टाळण्यासाठी’ असं कारण असेल तर अनुचित प्रकार करणाऱ्यांविरुद्ध संस्थेने काय केलं, हा तिसरा प्रश्न.

सोसायटीच्या किंवा गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचं नाव, फोटो, ‘अमक्या विंगमधली’ असलं काही फिरू लागलं तर लगेच अॅडमिनला फोन करा. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ‘फॉरवर्ड केलं फक्त’ म्हणून सुटका होत नाही.

कोर्टात

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून किंवा १५१०० ला फोन करून. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेचं अर्थसाहाय्यही, प्रकरणानुसार १० लाखांपर्यंत, याच प्राधिकरणामार्फत मिळतं. एफआयआरची प्रत लागते. समुपदेशन आणि तात्पुरता निवारा सखी वन स्टॉप सेंटरमध्ये.

बलात्काराचा खटला बंद दाराआड चालतो. उलटतपासणीत तिचं चारित्र्य किंवा आधीचे संबंध काढून संमती सिद्ध करू पाहणारे प्रश्न साक्ष अधिनियमाच्या कलम ४८ आणि १४९ प्रमाणे चालत नाहीत. अश्लील, अपमान करणारे किंवा विनाकारण डिवचणारे प्रश्न न्यायाधीश १५४ आणि १५५ खाली थांबवू शकतात, पण त्यासाठी सरकारी वकिलांनी वेळेवर उठायला हवं. साक्षीच्या आदल्या दिवशी त्यांना भेटा आणि कपड्यांचा प्रश्न येऊ शकतो हे आधी सांगून ठेवा. साक्ष देताना तिने घाई करू नये. प्रश्न संपल्यावर मनात तीन मोजावेत, तेवढ्यात हरकत घेता येते. उत्तर द्यावंच लागलं तर पंचनाम्यातलं वर्णन जसंच्या तसं: रंग, कापड, बटणं.

जामिनाच्या टप्प्यावर आरोपीकडून कपड्यांचा विषय निघाला तर १८ मार्च २०२१ चा अपर्णा भट प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलांच्या हाती द्या. पीडितेचा पेहराव, वागणूक, पूर्वायुष्य यांची चर्चा जामिनाच्या आदेशात येऊ नये, असं त्यात बजावलं आहे. तरी ऑगस्ट २०२२ मध्ये कोझिकोडच्या सत्र न्यायालयाने तक्रारदार स्त्रीचे कपडे ‘उत्तेजक’ असल्याचं आदेशात लिहिलंच. केरळ उच्च न्यायालयाने दोन महिन्यांत तो शेरा काढून टाकला. म्हणजे असा शेरा आला तरी वरच्या कोर्टात तो वगळून घेता येतो, तेवढ्यासाठी वेगळा अर्ज करता येतो.

एका फायलीत हे सगळं ठेवा: एफआयआरची प्रत, लेखी तक्रारीची पोच, वैद्यकीय कागद, जप्ती पंचनाम्याची प्रत किंवा किमान तारीख आणि पंचांची नावं, सीसीटीव्हीचे अर्ज, तपास अधिकाऱ्याचं नाव आणि फोन. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत कळवायचं असतं. नाही कळवलं तर त्याच फायलीतून एक अर्ज जाऊ द्या. जप्त कपडे खटला आणि अपील संपेपर्यंत मुद्देमाल म्हणून राहतात. त्यांचं पुढे काय करायचं हे न्यायालय निकालात लिहितं. ते परत नको असतील तर अंतिम युक्तिवादाच्या आधीच सरकारी वकिलांना तसं लेखी द्या, म्हणजे नष्ट करण्याचा आदेश निकालातच होतो आणि काही वर्षांनी ठाण्यातून ‘मुद्देमाल घेऊन जा’ असा फोन येत नाही.